क्ष-किरणांची क्षणभराची लखलख आणि आभाळातला तो एक ठिपका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी शाळेच्या गच्चीवर अमावस्येच्या आगेमागे आकाशदर्शन असतं. एका रात्री मी सहज सांगून बसलो की सध्या जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अचानक लखलखून विझणाऱ्या क्ष-किरण स्रोतांच्या मागे लागलेत आणि त्या जागी साध्या प्रकाशात एखादा ठिपका दिसतो का ते शोधतात. तेव्हापासून प्रश्न थांबले नाहीत. गच्चीवर विचारतात, एसटीत विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. जे पुन्हा पुन्हा आले ते इथे उत्तरांसह लिहून ठेवतो.

सर, एक्स-रे त दवाखान्यात काढतेत. आभायात कोठून आला?

हा प्रश्न पहिल्याच रात्री शेजारच्या काकांनी विचारला, आणि सुरुवात इथूनच करायला हवी. क्ष-किरण म्हणजे प्रकाशच, फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाहून कितीतरी जास्त ऊर्जेचा. लोखंड तापलं की लाल दिसतं, अजून तापलं की पिवळं-पांढरं दिसतं. असंच तापवत तापवत लाखो-कोटी अंशांपर्यंत गेलो, तर तो पदार्थ मुख्यतः क्ष-किरणांत झळकतो. कृष्णविवरात पडता पडता तापलेला वायू किंवा फुटणाऱ्या ताऱ्याचा पृष्ठभाग, ही अशी ठिकाणं.

आपल्या डोक्यावरची हवा हे किरण पूर्ण शोषून घेते. जमिनीवरून कितीही मोठी दुर्बीण लावली तरी आकाशातला क्ष-किरण दिसणार नाही, त्यासाठी उपग्रहच पाहिजे.

क्षणिक क्ष-किरण स्रोत म्हणजे नेमकं काय?

आभाळाच्या एखाद्या कोपऱ्यात काहीच नसतं. अचानक तिथून क्ष-किरण येऊ लागतात. काही सेकंद, काही मिनिटं, फार तर काही तास. मग सगळं शांत, आणि बहुतेक वेळा तिथे पुन्हा कधीच काही होत नाही.

असे स्रोत आधीही सापडत होते, पण योगायोगानं. १९९९ साली अवकाशात गेलेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या साठवलेल्या नोंदी चाळताना काही मिळाले. (या नावाचा चंद्राशी संबंध नाही, ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून दिलेलं आहे.) मात्र नोंदी चाळेपर्यंत महिने नाहीतर वर्षं उलटून गेलेली असायची. तोवर तिथे बघण्यासारखं काय उरणार? आग विझल्यावर राखही वाऱ्यानं उडून गेलेली.

चित्र पालटलं ते ९ जानेवारी २०२४ ला. त्या दिवशी चिनी विज्ञान अकादमीचा ‘आइन्स्टाइन प्रोब’ हा उपग्रह सुटला. युरोपीय अवकाश संस्था, जर्मनीतली माक्स प्लांक संस्था आणि फ्रान्सची अवकाश संस्था त्यात सहभागी आहेत. त्याच्यावरच्या मोठ्या दृष्टिक्षेत्राच्या दुर्बिणीला एका वेळी ३,६०० चौरस अंश आकाश दिसतं. सगळं आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं, म्हणजे जवळपास अकरावा हिस्सा एका नजरेत. ही करामत लॉबस्टरच्या डोळ्यावरून घेतली आहे. त्या प्राण्याच्या डोळ्यात भिंग नसतं. बारीक चौकोनी नळ्या असतात आणि त्यांच्या भिंतींवरून प्रकाश परावर्तित होऊन एकत्र येतो. क्ष-किरण भिंगानं वळवता येत नाहीत, पण तिरके आले तर गुळगुळीत भिंतीवरून घसरतात, म्हणून ही युक्ती चालते.

आणखी एक शहाणपणाची गोष्ट. हा उपग्रह सूर्याच्या उलट बाजूच्या, म्हणजे रात्रीच्या आकाशाकडे तोंड करून बघतो. त्यामुळे त्याला जे दिसतं ते जमिनीवरच्या दुर्बिणींनाही रात्री बघता येतं.

उपग्रहाला दिसलं ना? मग साध्या प्रकाशात पुन्हा शोधायची गरज काय?

कारण क्ष-किरणांवरून बहुतेक वेळा अंतर कळत नाही, आणि अंतर कळल्याशिवाय काहीच कळत नाही. रात्री धुऱ्यावर उभं राहून लांब एक दिवा दिसला, तर तो शेजारच्या वावरातला टॉर्च आहे की पाच किलोमीटरवरच्या रस्त्यावरचा ट्रक, हे नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. इथेही तेच. ती लखलख आपल्याच आकाशगंगेतल्या लहानशा ताऱ्याची असेल, नाहीतर अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या महास्फोटाची.

दृश्य प्रकाशात तोच स्रोत सापडला, आम्ही त्याला ‘जोडीदार’ म्हणतो, की तीन गोष्टी हाती येतात. जागा अगदी अचूक कळते. तो कोणत्या दीर्घिकेत (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहात) आहे आणि तिच्या मध्यात आहे की कडेला, ते दिसतं. आणि वर्णपट, म्हणजे रंगांत उलगडलेला प्रकाश, घेता येतो, ज्यातून ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणानं प्रकाश लालकडे किती सरकला त्याचं माप) मिळते आणि ताम्रसृतीवरून अंतर. जोडीदार सापडला नाही तर ती लखलख नोंदीतला एक आकडा बनून राहते. असे अनाथ आकडे बरेच पडून आहेत.

जागा तर उपग्रहानं सांगितलेलीच असते. मग शोधायचं काय?

पंचांग बघणाऱ्यांना अंश, कला, विकला माहीत असतात: एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. पूर्ण चंद्राचा व्यास साधारण ३० कला.

आइन्स्टाइन प्रोबची मोठी नजर जागा सांगते ती साधारण ३ कला त्रिज्येच्या वर्तुळात. हिशेब केला तर चंद्रबिंबाचा पंचविसावा भाग. ऐकायला हे थोडं वाटतं, पण एवढ्या जागेचा खोल फोटो काढला तर त्यात शेकडो अंधूक दीर्घिका निघतात. त्यातली कोणती आपली?

त्याच उपग्रहावर दुसरी, अरुंद नजरेची दुर्बीण आहे. ती वळवून बघितली की वर्तुळ १० विकलांच्या आसपास येतं. क्षेत्रफळ तीनशे पटीनं आटलं. आता त्यात दोन-चारच उमेदवार उरतात. मात्र ती वळेपर्यंत वेळ जातो, आणि कधी ती वळतच नाही. तेव्हा मोठ्या वर्तुळातच हात घालावा लागतो.

एवढी घाई कशासाठी? उद्या बघितलं तर?

स्फोटानंतर उरणारा प्रकाश, ज्याला उत्तरदीप्ती म्हणतात, बऱ्याचदा वेळेच्या व्यस्त प्रमाणात मंदावतो. वेळ दुप्पट झाला की उजेड निम्मा. पहिल्या तासाला जेवढा होता त्याच्या चोविसावा हिस्सा एक दिवसानं उरतो. खगोलाच्या भाषेत जवळपास साडेतीन प्रतींनी खाली (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). तासाभरात जो ठिपका अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीला दिसला असता, त्याच्यासाठी दुसऱ्या रात्री दोन-तीन मीटरची दुर्बीण मागावी लागते.

शोधतात तरी कसं? नुसतं बघून कसं ओळखायचं?

जुना फोटो आणि नवा फोटो. सगळं काम एवढ्यावर उभं आहे, आणि म्हणून मला ते इतकं आवडतं.

त्या जागेचा आज काढलेला फोटो घ्यायचा. त्याच जागेचा काही वर्षांपूर्वीचा फोटो घ्यायचा. दोन्ही नेमके एकावर एक बसवायचे आणि नव्यातून जुना वजा करायचा. जे तेव्हाही होतं ते पुसलं जातं, जे नवीन आहे ते उरतं. १९९७ मध्ये गॅमा-किरण (क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या प्रकाशाच्या) स्फोटाची पहिली दृश्य उत्तरदीप्ती अशीच सापडली. बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहानं २८ फेब्रुवारीच्या स्फोटाची जागा क्ष-किरणांवरून सांगितली, आणि ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीनं त्याच रात्री आणि पुढे ८ मार्चला काढलेले फोटो शेजारी ठेवले. पहिल्यात एक ठिपका होता, दुसऱ्यात तो नव्हता. हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की फार दूरचे, हा बरीच वर्षं चाललेला वाद त्या एका ठिपक्यानं निर्णायक वळणावर आणला.

पण नवा दिसणारा प्रत्येक ठिपका आपला नसतो. यात फसवणारे बरेच आहेत.

सगळ्यात जास्त फसवतात ते लाल खुजे तारे. आपल्या शेजारचे हे लहान तारे मधूनच भडका मारतात. तो भडका क्ष-किरणांतही दिसतो आणि दृश्य प्रकाशातही. जुन्या फोटोत त्या जागी मंद लालसर तारा आधीपासून असेल, तर आधी त्याच्यावर संशय घ्यायचा. दुसरे म्हणजे सक्रिय दीर्घिकांचे मध्य, जे कायम कमीजास्त होत असतात. तिसरे, क्ष-किरण स्फोटाशी काहीही नातं नसलेले अतिनवतारे (फुटून प्रचंड उजळलेले तारे), जे योगायोगानं त्या वर्तुळात पडलेले असतात. आणि चौथे लघुग्रह.

लघुग्रहाचं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. फेब्रुवारीतली रात्र होती. एका स्रोताची सूचना आली आणि ती जागा आमच्या माथ्यावर होती. आमची आठ इंची परावर्ती दुर्बीण मोटरच्या बैठकीवर लावली, वीस मिनिटांचे फोटो जोडले आणि जुन्या फोटोशेजारी ठेवले. वर्तुळाच्या आत एक स्पष्ट नवा ठिपका! मला काही सुचेना. थंडीत हात बधिर झालेले, तरी तिथल्या तिथे एका जाणकार मित्राला मेल पाठवून दिली. नववीतली एक मुलगी मात्र स्क्रीनकडे बघतच राहिली होती. ती म्हणाली, “सर, बाकीचे तारे ज्वारीच्या दाण्यासारखे गोल आहेत. हा तांदळासारखा लांबट काहून आहे?” आम्ही पुढची वीस मिनिटं जोडली, तर ठिपका सोळा-सतरा पिक्सेल सरकलेला होता. मुख्य पट्ट्यातला ओळखीचा लघुग्रह, सूर्याभोवतीच्या आपल्या वाटेनं चाललेला. तिच्यासमोरच मी दुसरी मेल लिहिली आणि पहिली मागे घेतली. तेव्हापासून आमचा नियम आहे: दोन फोटोंत किमान अर्ध्या तासाचं अंतर आणि लघुग्रहांच्या यादीत तपासणी, त्याशिवाय कुणालाही काही कळवायचं नाही.

निळ्या फिल्टरमधून बघायचं की लाल?

शक्य असेल तर दोन्ही, पण आधी लाल. याचं कारण एका उदाहरणावरूनच सांगावं लागेल.

१५ मार्च २०२४ ला आइन्स्टाइन प्रोबनं एक स्रोत पकडला, ईपी २४०३१५ए. त्याचा दृश्य जोडीदार अॅटलास या दुर्बीण-जाळ्याच्या फोटोंत सापडला. ताम्रसृती निघाली ४.८५९. म्हणजे तो प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे साडेबारा अब्ज वर्षं चालत होता, पृथ्वी जन्मण्याच्या कितीतरी आधी निघालेला. आता दूरच्या विश्वातला हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटर आणि त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश गिळतो. विश्वाच्या प्रसरणानं ही सीमा १ अधिक ४.८५९ पटीनं, म्हणजे ५.८५९ पटीनं ताणली जाते आणि ७१२ नॅनोमीटरवर येते. तो रंग गडद लाल. त्याच्या अलीकडचा निळा, हिरवा, पिवळा प्रकाश बहुतेक सगळा वाटेतच संपलेला. निळ्या फिल्टरनं शोधणाऱ्यानं ‘इथे काही नाही’ असं लिहिलं असतं, आणि ते खरंही असतं, तरी जोडीदार तिथेच होता.

अॅटलासबद्दल एक गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो. पृथ्वीवर आदळू शकणारे लघुग्रह वेळेत दिसावेत म्हणून ते जाळं उभारलं. त्यातल्या दुर्बिणींचा आरसा अर्ध्या मीटरचा आहे. रोज रात्री इमानानं सगळं आकाश टिपत राहिल्यामुळे विश्वाच्या बालपणातला स्फोट त्यांच्या फोटोत आला.

आतापर्यंत काय काय सापडलं?

सगळ्यात आधी एक जुनी गोष्ट, कारण तिच्यात नशीब आणि तयारी दोन्ही आहेत. ९ जानेवारी २००८ ला स्विफ्ट हा उपग्रह एनजीसी २७७० या दीर्घिकेतला एक अतिनवतारा बघत होता. बघता बघता त्याच दीर्घिकेत दुसऱ्या जागी क्ष-किरणांची लखलख झाली, काही मिनिटं टिकली आणि विझली. अॅलिशिया सोडरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताबडतोब जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळवल्या, आणि त्या जागी एक नवा अतिनवतारा उमलताना दिसला. तारा फुटल्यावर आतला धक्का पृष्ठभाग फोडून बाहेर येतो तो क्षणच त्यांच्या हाती लागला होता. एरवी अतिनवतारा आपल्याला कळतो तो काही दिवसांनी, चांगला उजळल्यावर. बरोबर सोळा वर्षांनी त्याच तारखेला आइन्स्टाइन प्रोब सुटला, हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार गोड वाटतो.

२०२४ च्या एप्रिलमधला ईपी २४०४१४ए चक्रावून टाकणारा निघाला. ताम्रसृती ०.४०१. त्याचा दृश्य जोडीदार सरळ मंदावत जायला हवा होता, पण काही दिवसांनी तो पुन्हा उजळला, आणि नंतर त्याच्या वर्णपटात अतिनवताऱ्याच्या खुणा आल्या. हायड्रोजन आणि हेलियमची आवरणं आधीच गमावलेल्या ताऱ्याचा तो स्फोट, ज्यातलं द्रव्य प्रचंड वेगानं बाहेर फेकलं जातं. ८ जानेवारी २०२५ च्या ईपी २५०१०८ए च्या जागी तसाच अतिनवतारा मिळाला, ताम्रसृती ०.१७६, म्हणजे तुलनेनं जवळ. त्यामुळे त्याचा अभ्यास फार बारकाईनं झाला.

२ जुलै २०२५ चा स्फोट वेगळाच. त्यातून गॅमा-किरणांचे झोत काही तासांत पुन्हा पुन्हा आले. असा स्फोट एकदाच होतो असं आपण शिकत आलोय. आइन्स्टाइन प्रोबला त्या जागेहून क्ष-किरण त्याच्या आदल्या दिवसापासूनच येत असल्याचं दिसलं. दृश्य प्रकाशात जवळपास अंधार, कारण मधे दाट धूळ. शेवटी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं अवरक्त (लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात जोडीदार दाखवला आणि तो आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचं ठरलं.

मग हे स्फोट नेमके कशाचे?

एकाच प्रकारचे नाहीत, एवढं आता पक्कं दिसतं. काही म्हणजे मोठा तारा कोसळताना निघणारे झोत, जे कमजोर असतात किंवा आपल्या दिशेनं नीट रोखलेले नसतात. काही म्हणजे धक्का पृष्ठभाग फोडून येण्याचा तो क्षण. काहींसाठी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (फुटलेल्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांची) टक्कर, काहींसाठी कृष्णविवरानं फाडलेला श्वेत खुजा तारा (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा), असे तर्क आहेत. कोणत्या स्फोटाला कोणतं कारण, यावर वाद चालू आहे, आणि प्रत्येक नवा जोडीदार त्या वादात साक्षीला येतो.

हे शुभ की अशुभ? आपल्याला काही धोका?

काहीही नाही. ना राशीवर परिणाम, ना पावसावर, ना पिकावर.

आमच्या गावातून दिसेल का? खरं खरं सांगा.

डोळ्यांनी कधीच नाही. आपल्या अंधाऱ्या आभाळात डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. हे जोडीदार बऱ्याचदा एकविसाव्या प्रतीच्या आसपास असतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. पंधरा प्रतींचा म्हणजे दहा लाख पट. डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्याहून दहा लाख पटीनं मंद असं काहीतरी आपण शोधतोय.

आमच्या आठ इंची दुर्बिणीला कॅमेरा लावून, चांगल्या रात्री, फोटो जोडत गेलो तर अठराव्या प्रतीच्या आसपास पोचतो. म्हणजे एखादा अपवादानं तेजस्वी, तोही पहिल्या तासात मिळाला तर मिळाला. पालकांना मी हे आधीच सांगतो. दुर्बीण घेतली की शोध लागतील असं सांगून कुणालाही खर्चात पाडू नये.

मग विदर्भाचा यात संबंध काय?

नकाशा काढा. नागपूरचं रेखावृत्त सुमारे ७९ अंश. लडाखमधल्या हानलेचंही ७९ च्या जवळपास. उत्तराखंडातल्या देवस्थळचं पावणेऐंशीच्या आत. म्हणजे नागपूरहून सरळ उत्तरेला बघत गेलात तर देशातल्या या दोन मोठ्या वेधशाळा जवळजवळ त्याच रेषेवर येतात. आपल्या वावरावर ज्या वेळी मृग माथ्यावर येतो, त्याच वेळी तो तिथेही मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर असतो. हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था व आयआयटी मुंबई यांची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, जी खास अशा क्षणिक घटनांच्या मागावर धावते. देवस्थळला एरीज संस्थेची ३.६ मीटरची. चिली आणि हवाईत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. त्या तासांत झालेल्या स्फोटाचा पहिला फोटो याच पट्ट्यातून निघू शकतो.

शिवाय नागपूर हानलेहून साडेअकरा अंश दक्षिणेला आहे. तेवढं जास्तीचं दक्षिण आकाश आपल्याला दिसतं. क्षितिजालगतचं असल्यानं ते धुरकट असतं हेही खरं.

हवामानाचं सांगायचं तर जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या रात्री उत्तम, पण पहाटे दव आणि धुई. पऱ्हाटी पेटवण्याचे दिवस आले की धूर बसतो, आणि एप्रिल-मेमध्ये धूळ.

अंधाराचं मोल कळायचं असेल तर पेंचला जा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी बदलले, उजेड खाली पडेल आणि वर जाणार नाही असे. गावं अंधारात गेली नाहीत. दिवे आहेत, आणि आकाशगंगाही आहे. आमच्या शाळेजवळ मात्र एका योजनेतून हायमास्ट उभा राहिला, ज्याचा निम्मा उजेड आभाळातच जातो. त्या दिव्याखाली म्हातारीच्या बाजेचे, म्हणजे सप्तर्षींचे, सातही तारे धड मोजता येत नाहीत. आम्ही त्याला झाकण बसवावं म्हणून दोनदा अर्ज दिला, तिसरा देणार आहोत. दिवा नको असं आमचं म्हणणं नाही, रात्रीच्या ओलितावरून परतणाऱ्यांना तो लागतो. फक्त त्याचं तोंड खाली हवं.

दुर्बीण नाही, फक्त मोबाईल आहे. काही करता येईल?

येईल, आणि माझ्या मते शिकण्याचा खरा रस्ता हाच. नासाच्या जीसीएन या सूचना-जाळ्याची परिपत्रकं फुकट वाचायला मिळतात. कुणी कोणत्या जागी काय बघितलं, काय दिसलं नाही, सगळं साध्या इंग्रजीत. दहावीची मुलं महिनाभरात ती भाषा उचलतात. त्यातले विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश आणि अक्षांश) घ्या, अलादिन या आकाश-नकाशात टाका, आणि हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणींनी काढलेला जुना फोटो उघडा. क्रांती उणे ३० अंशांच्या उत्तरेचं सगळं आकाश त्यात आहे, तेविसाव्या प्रतीच्या आसपासपर्यंत. मग स्वतः ठरवा: वर्तुळात कोण कोण आहे? लाल तारा आहे का? दीर्घिका कुठे आहे? आपला अंदाज वहीत लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी आलेल्या परिपत्रकांशी ताडून बघा. आमच्या मुलांचे अंदाज पहिल्यांदा सगळे चुकले. आता बऱ्याचदा लाल खुजा तारा ती आधीच ओळखतात.

चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची ८.४ मीटरची दुर्बीण २०२५ पासून फोटो देऊ लागली आहे. दक्षिण आकाशाचे इतके खोल आणि इतके वारंवार काढलेले फोटो आजवर कधीच नव्हते. जुन्या फोटोंची अडचण त्या भागात बरीच मिटेल.

परिपत्रकातली तारीख कॅलेंडरशी का जुळत नाही?

कारण ती जागतिक वेळेत असते, आपल्याहून साडेपाच तास मागे. १५ तारखेच्या पहाटे २ वाजता आपण जे बघितलं ते तिथे १४ तारखेचे २० वाजून ३० मिनिटं. ईपी २४०३१५ए या नावातले आकडे म्हणजे साल, महिना आणि दिवस, तेही त्याच वेळेप्रमाणे. नोंदवहीत दोन्ही वेळा लिहा. यात घोटाळा झाला की सगळी मेहनत वाया जाते.

पोरगी बारावीला आहे. तिला यात पुढं काय?

भौतिकशास्त्र आणि गणित मन लावून, सोबत पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी., मग पीएच.डी.साठी प्रवेश परीक्षा. पुण्यात जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र आहे. मार्ग लांब आहे, पण विद्यावेतन मिळतं आणि मराठी माध्यमातून शिकलेली मुलं तिथवर पोचलेली आहेत. घरच्यांनी रात्री जागायची परवानगी द्यावी, एवढं मात्र माझं मागणं.

आणि रात्रभर जागून काहीच दिसलं नाही तर?

हा प्रश्न मुलं हिरमुसून विचारतात, आणि याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘काही दिसलं नाही’ ही नोंद आहे, मात्र ती नीट लिहिली तर. कोणत्या वेळी, किती मिनिटं, कोणत्या फिल्टरनं, आणि कितव्या प्रतीपर्यंतचे तारे त्या फोटोत दिसत होते. यातलं शेवटचं विसरलं की नोंद मेली. ‘साडेसतराव्या प्रतीपर्यंत काही नाही’ या वाक्यावरून पुढचा माणूस म्हणू शकतो की त्या तासाला स्रोत यापेक्षा मंद होता. उत्तरदीप्तीच्या आलेखावर अशा न-दिसण्याच्या नोंदी खाली रोखलेल्या बाणानं दाखवतात, आणि कधी कधी असा एक बाण अख्खा तर्क बाद करतो.

आमच्या वहीतली जानेवारीतली एक नोंद, त्याच मुलीच्या अक्षरात, जशीच्या तशी: “रात्री ११.४० ते १२.२०, जागतिक वेळ १८.१० ते १८.५०. लाल फिल्टर. दोन-दोन मिनिटांचे १८ फोटो, त्यातले ३ टाकून दिले, आरशावर दव. चंद्र नाही. हायमास्टचा उजेड पश्चिमेला. १७.६ प्रतीपर्यंत तारे दिसतात. वर्तुळात नवीन काही नाही. लघुग्रह तपासले, नाहीत.”